रीडिंग चॅलेंजच्या कॅटेगऱ्यांत मराठी पुस्तकं कशी बसवायची

डिसेंबर संपत आला की वाचणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर याद्या फिरायला लागतात. पॉपशुगर या इंग्रजी वेबसाइटची यादी, बुक रायट या पुस्तकांबद्दलच्या वेबसाइटची 'रीड हार्डर', बावन्न आठवडे बावन्न पुस्तकंवाली, शिवाय कुणीतरी हौसेने बनवलेली बिंगोची चौकट. पहिल्या दोन २०१५ पासून चालू आहेत, पॉपशुगरमध्ये साधारण पन्नासेक कॅटेगऱ्या असतात, रीड हार्डरमध्ये २४. खेळ सगळ्यांचा एकच, वर्षभरात प्रत्येक कॅटेगरीत बसणारं एक पुस्तक वाचायचं. जहाजावर घडणारं, शीर्षकात रंग असलेलं, तुमच्या जन्मवर्षी आलेलं, प्राण्याच्या नजरेतून लिहिलेलं वगैरे वगैरे.

आता या याद्या बनतात इंग्रजी पुस्तकं डोळ्यासमोर ठेवून, त्यामुळे मराठी वाचणारा माणूस यादी सेव्ह करतो, पहिल्या दोनतीन कॅटेगऱ्या उत्साहात भरतो आणि मग एकतर यादी विसरतो नाहीतर "हे मराठीत कुठे मिळणार" म्हणत सगळे चौकोन इंग्रजी बेस्टसेलरनी भरून टाकतो. माझं म्हणणं असं की यातल्या जवळजवळ सगळ्या कॅटेगऱ्या मराठी पुस्तकांनी भरता येतात आणि चांगल्या पुस्तकांनी भरता येतात, फक्त पुस्तकं निवडायचा क्रम उलटा लावायला लागतो. सोपी कॅटेगरी आधी उचलायची नाही, सगळ्यात अडेल कॅटेगरी आधी धरायची. कसं ते खाली सविस्तर लिहिते, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी आकडा आणि नियम

गेल्या वर्षी खरोखर किती पुस्तकं वाचून झाली ते आठवा, "वाचायला घेतली" नव्हे, संपवली. मराठी पुस्तक सरासरी २२० पानांचं धरलं तर २४ पुस्तकांची ५२८० पानं होतात, म्हणजे रोज साधारण १५. हेच ५० पुस्तकं म्हटली की ११००० पानं, रोज ३०, आणि त्यात लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, गावची जत्रा, आजारपण सगळं आलं. नोकरी आणि घर सांभाळून वाचणाऱ्याने पहिल्या वर्षी २४ च्या वर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नासची यादी आवडली असेल तर त्यातल्याच २४ कॅटेगऱ्या निवडून घ्या, कोण विचारायला येतंय.

मग नियम ठरवायचे, आणि ते जानेवारीतच लिहून ठेवायचे, कारण ऑक्टोबरमध्ये आपण स्वतःशीच वकिली करायला लागतो. एक पुस्तक दोन कॅटेगऱ्यांत चालेल का? माझ्याकडे नाही चालत. पुन्हा वाचलेलं चालेल का? शाळेत वाचलेलं चालतं, गेल्या पाच वर्षांतलं नाही. ऑडिओबुक चालतं, मात्र संक्षिप्त आवृत्ती नको. आणि दिवाळी अंक? हा आपल्याकडचा खास प्रश्न. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण दरवर्षी ही जाडजूड बाडं वाचतोय आणि चॅलेंजमध्ये मात्र त्यांना जागाच नाही. मी "अनेक लेखकांचं संकलन" या कॅटेगरीत एक अंक धरते, पण जाहिराती आणि राशिभविष्य वगळून सगळा वाचला तरच, नुसत्या दोन कथा वाचून नाही.

कॅटेगऱ्यांची वर्गवारी

यादी समोर घेऊन प्रत्येक कॅटेगरीपुढे एक खूण करा, ही कॅटेगरी नक्की कशाबद्दल विचारतेय. काही बाहेरूनच दिसतात, म्हणजे शीर्षक, मुखपृष्ठ, पानं. काही लेखकाबद्दल असतात, काही साहित्यप्रकाराबद्दल, काही स्थळकाळाबद्दल, काही विषयाबद्दल. आणि काही फक्त तुमच्याबद्दल असतात: मैत्रिणीने सुचवलेलं, अर्धवट सोडलेलं, लायब्ररीतून आणलेलं, घरात वर्षानुवर्षं पडून असलेलं.

या शेवटच्या प्रकाराला जानेवारीत हातच लावायचा नाही. त्या कॅटेगऱ्या म्हणजे तुमचे हुकमी पत्ते, कारण "मैत्रिणीने सुचवलेलं"मध्ये जगातलं कुठलंही पुस्तक बसतं, फक्त मैत्रीण पाहिजे. बाकी कॅटेगऱ्या भरून जी पुस्तकं उरतील ती इथे जातात.

बाहेरून दिसणाऱ्या कॅटेगऱ्या मजेच्या असतात, पण त्यांच्यावर दुकानात पैसे उडवू नका. लाल मुखपृष्ठासाठी नवं पुस्तक विकत घेणं म्हणजे कहर आहे, कपाटात लाल काहीतरी असतंच.

कपाट बाहेर काढा

हे काम एका रविवारचं आहे. घरातली न वाचलेली सगळी पुस्तकं बाहेर काढा, सासूबाईंच्या कपाटातली आणि माळ्यावरच्या खोक्यातलीही. मोबाईलवर शीट उघडा आणि प्रत्येकाची एक ओळ: नाव, लेखक, अनुवादक असेल तर तो, पानं, पहिली आवृत्ती कधीची, कुठे घडतं, कुठला प्रकार, मुख्य पात्र कोण. कुठे घडतं आणि मुख्य पात्र कोण हे मलपृष्ठावरच्या मजकुरावरून बहुतेकदा कळतं, नाही कळलं तर रिकामं ठेवा.

पहिल्या आवृत्तीचा रकाना मात्र नीट भरा. नावाचं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार आणि आवृत्त्यांची जंत्री असते. तिथे 'आवृत्ती अकरावी' आणि मोठ्या अक्षरात हल्लीचं साल दिसतं, ते आपल्याला नकोय, आपल्याला 'प्रथमावृत्ती'समोरचं साल हवंय. जुन्या पुस्तकांत कधीकधी नुसता शक असतो, तर त्यात ७८ मिळवायचे, शके १८८४ म्हणजे १९६२ (पौषाच्या पुढचे महिने असतील तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, पण चॅलेंजसाठी एवढा कीस काढायची गरज नाही). त्याच पानावर मुखपृष्ठकाराचं नावही टिपून घ्या, "मुखपृष्ठ आवडलं म्हणून घेतलेलं" अशी कॅटेगरी दरवर्षी असते आणि दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेली एखादी जुनी प्रत घरात निघाली तर त्याहून चांगलं काय.

साल हा प्रकार वाटतो तेवढा सरळ नसतो बरं का. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि पुस्तक नक्की कधी प्रकाशित झालं यावरूनच वाद उभा राहिला, शेवटी जी.एं.नी पुरस्कार परत केला. 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३७ अशी आली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापून आली. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' तर १८५७ च्या धामधुमीबद्दल आहे, लिहिलं गेलं बऱ्याच वर्षांनी आणि छापलं १९०७ मध्ये. म्हणून कॅटेगरीत "१९०० पूर्वीचं" असं असेल तर ते घडलेलं, लिहिलेलं की छापलेलं हे आधी ठरवा. मी छापलेलं साल धरते, पण गोडसे भटजींना सूट देते, एवढं चालतं.

आता जुळणी: अडेल आधी

शीटमध्ये दुसरा टॅब उघडा, उभ्या रकान्यात कॅटेगऱ्या, प्रत्येकीसमोर तुमच्या कपाटातली बसतील ती सगळी पुस्तकं लिहा, एक पुस्तक पाच ठिकाणी आलं तरी आत्ता चालेल. आणि मग मोजा, कुठल्या कॅटेगरीसमोर एकच नाव आहे, कुठे दोन, कुठे वीस. एकच नाव असलेली कॅटेगरी आधी पक्की करायची आणि ते पुस्तक बाकी सगळीकडून खोडायचं. मग दोनवाल्या. वीसवाल्या शेवटी. लग्नातल्या खोल्यावाटपासारखंच आहे हे, ज्यांना जिना चढवत नाही त्यांना आधी तळमजला द्यायचा, पोरंटोरं काय कुठेही झोपतात.

एक उदाहरण नीट बघू. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची, छोटीशी. ती किती ठिकाणी बसते बघा: एका शब्दाचं शीर्षक, २०० पानांच्या आतलं, दुसऱ्या महायुद्धाशी संबंधित, स्वातंत्र्यापूर्वीचं, प्रेमकथा, शेवट गोड नसलेलं, आणि जहाजावर घडणारं, कारण युरोपातून परत येणाऱ्या बोटीवर ती घडते. बहुतेक लोक काय करतात, जानेवारीत "छोटं पुस्तक" म्हणून 'रणांगण' वाचून मोकळे होतात आणि सप्टेंबरात जहाजापाशी अडकतात. छोटी पुस्तकं मराठीत ढिगाने आहेत, एका शब्दाची शीर्षकं तर विचारूच नका, 'स्वामी', 'कोसला', 'ययाति', 'फकिरा', 'पानिपत', 'धग', 'पाचोळा', 'उद्या', 'रिंगाण', संपतच नाहीत. जहाजासाठी मला चटकन आठवणारी दोनच, 'रणांगण' आणि अनंत सामंतांचं 'एम टी आयवा मारू'. दोघांपैकी एक जहाजाला देऊन टाका आणि त्याच्याकडे पुन्हा बघू नका. ('आयवा मारू' मालवाहू जहाजावरचं, खरखरीत पुस्तक आहे, 'रणांगण' आधीच वाचली असेल तर हेच घ्या.)

तसंच 'सत्तांतर'. प्राण्यांच्या जगाबद्दलची कॅटेगरी आली की व्यंकटेश माडगूळकरांची ही वानरांच्या टोळ्यांवरची छोटी कादंबरी तिथेच राखून ठेवायची. तिला १९८३ चा साहित्य अकादमीही आहे म्हणून "पुरस्कारप्राप्त"मध्ये घालायचा मोह होतो, पण अकादमीचे मराठी पुरस्कार १९५५ पासून चालू आहेत, ती यादी इतकी लांब आहे की पुरस्कारप्राप्त कॅटेगरी कधीच अडत नाही.

शीर्षकाच्या गमती

रंग: 'कोबाल्ट ब्लू', खांडेकरांची 'हिरवा चाफा' आणि 'पांढरे ढग'. संख्या: 'चौघीजणी', नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व', 'एक शून्य बाजीराव', आणि सगळ्यांवर कडी म्हणजे किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस', शीर्षकातच पाढा आणि तोही चुकीचा. ही १९७४ ची, लेखकाची पहिलीच कादंबरी, म्हणजे पदार्पणाच्या कॅटेगरीतही बसते, पण सोपी नाहीये, उलटसुलट काळात फिरते, तेव्हा डोकं ताजं असेल तेव्हा घ्या. पात्राचं नाव: 'गारंबीचा बापू', 'श्यामची आई', 'घाशीराम कोतवाल'. ठिकाणाचं नाव: 'पानिपत', 'माहीमची खाडी', 'बनगरवाडी', 'पडघवली'. कॅटेगरीत "खरं ठिकाण" असं बजावलं असेल तर पहिली दोन घ्या म्हणजे कटकट नाही.

काही कॅटेगऱ्या इंग्रजीच्या व्याकरणावर उभ्या असतात, शीर्षकात 'द' असलेलं, एक्स अक्षराने सुरू होणारं वगैरे. त्या मराठीत तशाच्या तशा आणायचा खटाटोप करू नका, बदलून घ्या. एक्सच्या जागी मी 'झ' घेते, 'झाडाझडती' आहेच, धरणग्रस्तांवरची, विश्वास पाटलांची, १९९१. ऐतिहासिकवाले पाटील वाचलेत आणि ही नाही असे पुष्कळ लोक भेटतात, तर निमित्ताने वाचून होईल.

जन्मवर्षाची कॅटेगरी

ही माझी सगळ्यात आवडती आणि लोक हिलाच घाबरतात. शोधायचं कसं, तर साहित्य अकादमीच्या यादीत तुमच्या जन्मसालापुढची दोनचार वर्षं बघा, पुरस्कार प्रकाशनानंतर येतो त्यामुळे पुस्तक थोडं आधीचं असतं. मग लायब्ररीचा कॅटलॉग, विकिपीडियावरची लेखकांची पानं, आणि शेवटी पुस्तकातलं ते बारीक अक्षराचं पान, खात्री तिथेच करायची. १९६३ वाल्यांची चंगळ आहे, 'कोसला' पण त्यांची आणि दळवींचं 'चक्र' पण. १९६७ ला 'मृत्युंजय' आणि 'युगांत' एकाच वर्षी, दोन्ही महाभारतावर आणि दोन्हींची जातकुळी पूर्ण वेगळी, एक भरजरी आणि दुसरं इरावतीबाईंचं स्वच्छ, कोरडं, नेमकं. १९७८ म्हटलं की 'बलुतं', १९८० ला 'उपरा' किंवा गौरी देशपांडेंचं 'एकेक पान गळावया', १९८१ 'एक होता कार्व्हर', १९८७ 'उचल्या', १९८८ 'पानिपत', १९९० 'आहे मनोहर तरी', २००४ वाल्या पोरांना मिलिंद बोकीलांची 'शाळा'. तुमचं साल इथे नसेल तर आईचं किंवा बाबांचं साल घ्या, मी सर्रास घेते.

साहित्यप्रकार, आणि इथे थोडं थांबा

इंग्रजी यादीत कविता, नाटक, आत्मचरित्र, निबंध, कुकबुक, ग्राफिक नॉव्हेल असं असतं. यातलं नाटक मराठी वाचकाला फुकटात मिळालेलं बक्षीस आहे, कारण आपल्याकडे नाटकाची संहिता छापून येते, मिळते आणि एका संध्याकाळी वाचून होते. 'नटसम्राट' सगळ्यांनी पाहिलेलं असतं, वाचलेलं फार थोड्यांनी असतं. साठीच्या पुढचं मुख्य पात्र अशी कॅटेगरी असेल तर मात्र ते तिकडे द्या आणि नाटकासाठी एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या, किंवा 'शांतता! कोर्ट चालू आहे'.

कवितासंग्रह कादंबरीसारखा एका बैठकीत संपवायचा नसतो, रोज दोनतीन कविता. बहिणाबाईंची गाणी (मोठ्याने वाचा, त्याशिवाय मजा नाही), मर्ढेकरांच्या 'काही कविता', ढसाळांचा 'गोलपिठा', कोलटकरांची 'भिजकी वही'. 'भिजकी वही' जाड आहे, महिना ठेवा.

आत्मचरित्राच्या बाबतीत मराठीत इतकं आहे की कॅटेगरी जरा कडक करून घ्यावी. नुसतं आत्मचरित्र म्हटलं की परत एखाद्या नटाचं नाहीतर उद्योगपतीचं वाचलं जातं. मी ती "बाईने लिहिलेलं आत्मकथन" अशी करून घेतली की लगेच रांग लागते: रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळेंचं 'माज्या जल्माची चित्तरकथा', उर्मिला पवारांचं 'आयदान'. यातलं 'स्मृतिचित्रे' मी कुणालाही देते, लग्नाच्या वयाला आलेल्या, न वाचणाऱ्या पोरांनासुद्धा, कारण त्या बाईंचा विनोद शंभर वर्षं होत आली तरी शिळा झालेला नाही. लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हाचा सगळा भाग, घरातलं रडणं-भेकणं, लोकांचे सल्ले, बाईंची फरफट, सगळं त्या इतक्या साध्या बोलण्यात सांगतात की आपण हसता हसता गप्प होतो.

कुकबुकसाठी 'रुचिरा' घरात असतेच. नुसती चाळून टिक करू नका, त्यातले आजवर न केलेले पाच पदार्थ करून मगच टिक, असा नियम घातला की घरचे पण तुमच्या चॅलेंजला पाठिंबा देतात. पत्रांसाठी साने गुरुजींची 'सुंदर पत्रे'. विज्ञानकथेला नारळीकरांचं 'यक्षांची देणगी', भयकथेला नारायण धारप, रहस्यकथेला बाबूराव अर्नाळकर मिळाले तर सोडू नका, पुरातन वाटतील पण अर्ध्या दिवसात झुंजार आणि काळा पहाड तुम्हाला दामटत नेतात. लहान मुलांच्या पुस्तकाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नाहीतर ताम्हनकरांचा 'गोट्या'.

एक अडचण आहे. व्यक्तिचित्रं, ललित लेख, बखर, अभंग-ओव्या या आपल्या प्रकारांना त्या याद्यांत खानाच नसतो. 'व्यक्ती आणि वल्ली' कथासंग्रहात टाकायचं का? मी नाही टाकत. त्यापेक्षा यादीतल्या तुमच्यासाठी निरर्थक असलेल्या तीनचार कॅटेगऱ्या (अमेरिकेतल्या एखाद्या सणाबद्दलची असते एखादी, किंवा कुठल्या तरी सेलिब्रिटी बुकक्लबने निवडलेलं) काढून तिथे आपल्या घाला. बखरीसाठी सभासदाची बखर, ती लहान आहे आणि टिपा असलेली प्रत घेतली तर वाचता येते. 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातलं, गद्य, आणि लीळा म्हणजे छोटे छोटे प्रसंग, रोज चारपाच वाचले तरी पुढे सरकतं. आख्खं वाचायचा हट्ट नको, निवडक आवृत्ती चालेल असं नियमातच लिहा.

स्थळ आणि अनुवाद

"कधीही न गेलेल्या ठिकाणी घडणारं" अशी कॅटेगरी आली की सगळे पॅरिसला जातात. पुण्या-मुंबईतल्या माणसाने विदर्भातली उद्धव शेळक्यांची 'धग' वाचावी, किंवा रा. रं. बोराड्यांची मराठवाड्यातली 'पाचोळा', तिकडच्याने श्री. ना. पेंडशांचं कोकण वाचावं, मुंबई फक्त सिनेमात पाहिली असेल त्याने 'चक्र' किंवा भाऊ पाध्यांचं 'वासूनाका'. गोव्यासाठी लक्ष्मणराव सरदेसायांच्या कथा शोधा, गोव्यातल्या लायब्ररीत सहज मिळाव्यात, इकडे थोडं हुडकायला लागतं. बोलीची सवय नसेल तर 'धग'ची पहिली वीसेक पानं जड जातात, तिथे सोडू नका, कान बसला की कौतिकची गोष्ट हातातून सुटत नाही.

परदेशाच्या कॅटेगरीला मराठी अनुवाद वापरायला काहीच हरकत नाही, उलट वापराच. शांता शेळक्यांची 'चौघीजणी', राम पटवर्धनांचं 'पाडस' (शीर्षकात प्राणीही आला), जपानसाठी 'तोत्तोचान', इतर भारतीय भाषेसाठी उमा कुलकर्णींनी कन्नडमधून आणलेलं भैरप्पांचं 'पर्व'. 'पर्व' जाडजूड आहे, त्याला ५०० पानांवरचं किंवा पुराणकथेचं पुनर्कथन यांत ठेवा, अनुवादाला हलकं काहीतरी द्या.

पुस्तकं मिळवायची कुठून

कपाटात नसलेल्या कॅटेगऱ्यांची, आणि फक्त त्यांचीच, वेगळी यादी करा. ती घेऊन आधी वाचनालयात जा. जुन्या वाचनालयांत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं, अशा ठिकाणी दुकानातून केव्हाच गायब झालेली पुस्तकं असतात. काउंटरवरच्या माणसाला "एखादं चांगलं पुस्तक द्या" असं विचारू नका, कॅटेगरी सांगा, "जहाजावर घडणारं काही आहे का", मग बघा ते स्वतः उठून आत जातात की नाही. भिलारला, म्हणजे पाचगणीजवळच्या पुस्तकांच्या गावाला जाणार असाल तर यादी फोनमध्ये ठेवा, तिथे घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडलेली आहेत, पाने चाळून कुठलं झेपेल ते ठरवता येतं.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे हरिभाऊ, बाबा पदमनजी, लक्ष्मीबाई, साने गुरुजी ही मंडळी आता मुक्त आहेत आणि मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी जुनी पुस्तकं कायदेशीर मार्गाने वाचता येतात. परदेशात राहणाऱ्यांना याचा फार उपयोग. पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती, "१९०० पूर्वीचं"मध्ये बिनतक्रार बसते. अनुवादाच्या बाबतीत अनुवादकाचा हक्क वेगळा असतो हे लक्षात ठेवा, मूळ जुनं म्हणून मराठी पीडीएफ उचलायची असं नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफबद्दल तर बोलायलाच नको.

वर्षाची आखणी

प्रत्येक कॅटेगरीला एक पक्कं आणि एक राखीव पुस्तक लिहा. पक्कं ५० पानांत पकडलं नाही तर सरळ राखीव उघडा, अपराधी वाटून घेऊ नका.

जाड पुस्तकं सुट्टीत किंवा पावसाळ्यात, वर्षाला दोनच. लागोपाठ दोन जड आत्मकथनं नकोत, 'बलुतं'नंतर लगेच 'उचल्या' घेतलं तर दोन्हींवर अन्याय होतो, मध्ये फास्टर फेणे येऊ द्या. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घेतलंत (निसर्ग, निबंध, ऋतू, कशातही बसवा) तर ते सलग वाचूच नका, चैत्राचा लेख चैत्रात, वैशाखाचा वैशाखात. वाचून खिडकीबाहेर बघितलं की बाईंनी लिहिलेलं झाड खरंच त्या महिन्यात तसं दिसतंय का हे तपासता येतं. फक्त ते गुढीपाडव्याला सुरू केलं तर डिसेंबरात शेवटचे दोनतीन महिने उरतात, तेव्हा नियमात तशी मुभा ठेवा. दिवाळी अंक अर्थातच ऑक्टोबर-नोव्हेंबर.

जूनच्या शेवटी एकदा शीट उघडून बसा. ज्या कॅटेगरीचं पक्कं आणि राखीव दोन्ही मिळालेलं नाही ती बदलायची ही शेवटची वेळ. सहा महिन्यांत तुम्ही यादीबाहेरचंही वाचलेलं असतं, ते कुठे बसतंय का बघा, बहुतेक वेळा दोनतीन कॅटेगऱ्या आपोआप भरलेल्या निघतात.

डिसेंबरात उरलेल्यांसाठी नाटकं, पातळ कवितासंग्रह आणि ते हुकमी पत्ते. तरी चारपाच राहिल्या तर राहू द्या, त्या पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वर लिहा. आणि शीटची कॉपी काढून ठेवा, कपाटाचा टॅब दरवर्षी नव्याने भरावा लागत नाही, वाचलेल्या ओळी करड्या करायच्या आणि वर्षभरात आलेली नवी पुस्तकं खाली जोडायची.